जगदेवीकाकूंच्या राउटरचं पोर्ट

मोबाईल खिशात घाला आधी. लाईट गेली तर गेली, अंधार काय खात न्हाय तुमाला. उभा जन्म यस्टी चालवली मी, रात्रीच्या रस्त्यावर काय काय बघितलं ते कवातरी सांगीन. आज रस्त्यावरचं न्हाय, आज घरातलं सांगतो. हा रत्नदीप मगाशी काय म्हणला? घरच्या राउटरचं पोर्ट बंद हाय, गेममधी मित्रांचा आवाज तुटतोय, उद्या नेटवाल्याला बोलावलंय. बोलाव की. पण त्याआधी संगमेशचं ऐक आणि मग ठरव.

संगमेश म्हंजे माझ्या साडूचा थोरला. तुमी बघितलाय त्याला, पाठीला काळी बॅग लावून गाडीवर फिरायचा तो. दहावीला दोनदा बसला, आणि बोलणं असं की समुद्राखालची वायर ह्यानंच पोहत जाऊन टाकलीय. घरोघरी इंटरनेट दुरुस्त करायचं काम. काम वाईट न्हाय, पण ह्या शहाण्याला गिऱ्हाईक म्हंजे गाढव वाटायचं. म्हाताऱ्यानं जवळ येऊन बघितलं तर म्हणायचा, आजोबा, लांब व्हा, करंट लागंल. कुटला करंट आलाय त्यात. बाईमाणसानं काय विचारलं तर उत्तर सोडून नुसता हसायचा. मी साडूकडं जेवायला गेलो तर मलाबी शिकवायचा, ताटावर बसल्या बसल्या.

एकदा मला म्हणला, आप्पा, राउटर म्हंजे सोसायटीचा वॉचमन. आतल्यानं बाहेर हाक मारली तर त्याचं उत्तर तो आत सोडतो. बाहेरनं कुणी आपणहून आला की हाकलून लावतो. आता ते टीव्हीला लावायचं गेमचं यंत्र असतंय, कन्सोल म्हणतात. त्यावर दुसऱ्या गावच्या पोरांसंगं खेळायचं तर त्यांचं खेळणं, बोलणं आत यायला पायजे. वॉचमन अडवतो, मग गेम अडकतो आणि आवाज अर्धाच येतो. विलाज काय, तर वॉचमनला सांगून ठेवायचं की ह्या नंबरच्या दारानं आलेल्याला ह्या यंत्राकडं सोड. त्या दाराला म्हणायचं पोर्ट. लागतात तेवढीच दोन-चार दारं उघडायची आणि बाकीची बंद ठेवायची.

एवढंच काम, पण बसून करायला लागतंय. यंत्राचा पत्ता पक्का करा, एकेक नंबर भरा, तपासा. संगमेश कशाला बसतोय. राउटरमधी एक जागा असती, तितं यंत्राचा पत्ता टाकला की सगळीच दारं एका दमात उघडतात. कुणीबी या, कसंबी या. हा प्रत्येक घरात तेच करायचा. चालू झालं की गिऱ्हाईक खूश, आणि आत काय उघडं टाकलंय ते बघायची अक्कल कुणाला हाय, असं वर मलाच हसून सांगायचा. ही त्याची कारागिरी.

आता ती रात्र. सोमवारी आलेली येळवस आठवती का? मार्गशीर्षातली अमावस्या, दुसऱ्या दिवशी पौष लागला. येळवसेला सोलापूर कसं असतंय ते तुमाला सांगायला नको. ज्याला शेत हाय तो शेतात, ज्याला न्हाय तो दुसऱ्याच्या शेतात. भज्जी, उंडे, आंबील खाऊन माणसं तितंच आडवी होतात. संगमेशला शेतात बसून जेवायची लाज वाटायची, म्हणून हा एकटा गावात. आणि त्याला दिवसभर एका बाईचा फोन. जुळे सोलापुरातनं. म्हणली, आमच्या राउटरचं पोर्ट उघडून पायजे.

बाईच्या तोंडात पोर्ट ऐकून त्याला आधी हसूच फुटलं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर शेजारची कालेजातली पोरगी म्हणली म्हणं. उद्या बघू म्हणून त्यानं फोन ठेवला. तिनं परत केला. आजच पायजे, आज घरात कुणी न्हाय, म्हणली. परत, परत. शेवटी वैतागून दिवे लागल्यावर त्यानं गाडी काढली. सात रस्ता चौकातनं गेला, तर चहाचा एक गाडा उघडा नव्हता.

कॉलनीत सगळ्या घरांना कुलपं. एकाच घरात उजेड आणि त्याचंच दार सताड उघडं. दारात जगदेवीकाकू. पन्नाशी ओलांडलेली बाई, इरकल नेसलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे. नवरा चनबसप्पा, त्यांचं पेंडीचं दुकान हाय, तो पाहुण्यांसंगं शेतात गेलेला. हिनं ह्याला आत घेतलं आणि आधी ताट वाढून आणलं. येळवसेच्या दिवशी वाटेनं चाललेल्यालाबी कुणी उपाशी सोडत न्हाय की. ह्यानं ताटाकडं बघून नाक मुरडलं. म्हणला, काकू, मी हे असलं खात न्हाय, यंत्र कुटं हाय ते दाखवा. तिनं ताटावर ताट झाकून ठेवलं आणि आतली खोली उघडली.

पोराची खोली. गादीवर सुरकुती न्हाय. टीव्ही, त्याखाली कन्सोल, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेला हेडफोन, तोंडापुढं बोलायची दांडी असतीय तसला. संगमेशनं विचारलं, हे कोण खेळतंय. ती म्हणली, नंदीशचं हाय, माझ्या मुलाचं. कुटं असतो? तर म्हणली, तिकडं असतो. ह्यानं मनातल्या मनात हिशेब लावला. तिकडं म्हंजे बेंगलोर, न्हायतर अमेरिका. आईबापाला हितं टाकून तिकडं चैन करणारं कार्टं, आणि आई हितं पोर्ट पोर्ट करत बसलीय. त्या न बघितलेल्या पोराचाबी त्याला तिटकारा आला.

त्रास काय हाय ते तिनं नीट सांगितलं. कन्सोल ती रोज चालू करून ठेवायची. खेळता येत न्हाय, पण त्याचा दिवा लागलेला बरा वाटतो, म्हणली. एका संध्याकाळी हेडफोनमधनं आवाज आला. नंदीशचाच. घरात ती कानडी बोलतात, आईला अव्वा आणि धाकट्याला तम्मा. "अव्वा म्हणतो, ऐक म्हणतो, आणि पुढचं तुटतंय," ती म्हणली. "ते पुढचं मला ऐकायचंय, तम्मा. तेवढंच कर."

ह्यानं कन्सोलची सेटिंग उघडली. नेटची तपासणी लावली तर पडद्यावर आलं, स्ट्रिक्ट. म्हंजे वॉचमन कुणालाच सोडत न्हाय. हा तोंड वाकडं करून हसला, की एवढ्यासाठी मला येळवसेच्या रात्री पळवलं. मोबाईलवरनं राउटरमधी शिरला. काकू त्याच्या मागं उभी. ती हळूच म्हणली, "फक्त त्याच्यापुरतंच उघड हं. बाकी कुणाला नको."

काय चुकीचं बोलली ती? कामाचा खरा नियम तोच की. ज्याला यायचं त्याच्यापुरतं दार उघडायचं. न शिकलेल्या बाईनं बरोब्बर सांगितलं. पण ऐकंल तर तो संगमेश कसला.

"काकू, तुमाला काय कळतंय ह्यातलं?" तो म्हणला.

आणि त्यानं त्या जागेत कन्सोलचा पत्ता टाकला. सगळी दारं उघडी. राउटर बंद करून चालू केला आणि हेडफोन तिच्या हातात दिला. म्हणला, थांबा जरा, येईल आता. तिनं पदराच्या वरनंच हेडफोन कानाला लावला आणि खुर्चीच्या कडेला बसली, देवळात बसल्यासारखी.

हा बॅग भरायला लागला.

थोडा वेळ काय न्हाय. मग ती एकदम ताठ झाली. डोळे भरून आले. संगमेशला वाटलं, झालं काम. पण तिनं मान हलवली.

"हा माझा न्हाय."

परत ऐकत बसली.

"हाबी माझा न्हाय... ही तर पोरगी हाय कुणाची तरी."

संगमेश म्हणला, काकू, गेमवर सगळ्या जगाची पोरं असतात, येणारच आवाज. तिनं हातानं त्याला गप्प केलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. ओठ हलत होते. कुणाशी तरी बोलत होती, पण आवाज काढत नव्हती. मग म्हणली, "लई जण हायत. सगळ्यांना आईच पायजे."

आता ह्याचं डोकं फिरलं. ह्याला वाटलं, गेमवरची वांड कार्टी म्हातारीची थट्टा करत्यात. म्हणला, तुमच्या मुलाला फोन लावा, म्हणावं चालू झालंय, आता बोल.

"त्याच्याकडं फोन न्हाय," ती म्हणली.

बरं, मग तो कुठल्या यंत्रावरनं बोलतो? तिकडं त्याचा दुसरा कन्सोल असंल की.

"न्हाय. त्याचा हाच."

"हाच तर हितं हाय काकू. मग तो तिकडनं बोलतो कशावर?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. म्हणली, "ते मला कसं कळणार, तम्मा. शिकलेला तू."

संगमेशच्या हातातली बॅगेची पट्टी तशीच राहिली. तिनंच सांगितलं मग, हेडफोन न काढता. आदल्या वर्षीच्या येळवसेला नंदीश शेतातनं पुढं निघाला होता. होटगीकडनं येताना अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा न्हाय, काय न्हाय, त्याची गाडी सरळ तिच्यात घुसली. त्याच्या थोडं आधी आईला फोन केलेला. अव्वा, ऐक की, म्हणला. तेवढ्यात रेंज गेली. परत फोन आला तो पोलिसांचा. त्यांच्यात जाळत न्हाईत, शेतातच काळ्या मातीत पुरला त्याला. पुढं काय सांगायचं होतं त्याला, तेवढंच तिला वर्षभर खात होतं. चनबसप्पा म्हणायचा, सोड. ती म्हणायची, कसं सोडू, बोलणं अर्धं राहिलंय.

आता माणूस असता तर काय केलं असतं? हात जोडले असते, दोन मिनिटं तिच्यापाशी बसला असता. संगमेश भ्याला होता, हे त्यानं मला नंतर कबूल केलं. पण भ्यालो असं दिसू द्यायची त्याला लाज. भ्यालेला गर्विष्ठ माणूस आवाज चढवतो, हे मी डेपोत लई वेळा बघितलंय. ह्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि ही कार्टी त्याचा फायदा घेत्यात. त्यानं तिच्या डोक्यावरनं हेडफोन ओढला. डावी बाजू आपल्या कानाला लावली. शिव्या द्यायला.

आणि ऐकलं.

अव्वा... अम्मा... अम्मी... आये...

एक न्हाय, दोन न्हाय. बाजारात गर्दी असती तशी. कुणी लांबनं, कुणी अगदी काचेपलीकडनं बोलल्यासारखं. कुणी कानडीत, कुणी तेलुगूत, कुणी आपल्यासारखं. बारकी पोरं. मोठी माणसं. एक तर म्हातारा होता, तोबी आये म्हणत होता. खेळाचा आवाज कुटंच न्हाय. गोळ्या न्हाईत, गाड्या न्हाईत. नुसती हाक. आणि हाकेच्या मधी एकच विचारणं.

"येऊ का?... आत येऊ का?"

संगमेश ओरडला. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडला. "या की. सगळे या. माझ्या कानात येऊन बसा एकदाचे."

गप्प.

एकदम गप्प झालं सगळं. एवढी गर्दी, आणि श्वासबी न्हाय.

तो जरा हसला. बघा काकू, म्हणणार होता. तेवढ्यात त्याची नजर राउटरवर गेली. चालू करून थोडा वेळ झाला होता, पण नेटचा दिवा अजून लाल होता. लाल म्हंजे लाईन आलेलीच न्हाय. बाहेरच्या जगाशी तारच जुळलेली न्हाय. पडद्यावर गेम न्हाय. कुणाचं नाव न्हाय.

मग एवढा वेळ...

कानात, अगदी कानात, कुणीतरी म्हणलं,

"आलो."

मग दुसरं. "आलो." मग बाई. "आले." मग पोर. मग... मोजायची सोय न्हाय.

त्यानं हेडफोन फेकला. आवाज थांबला न्हाय. राउटरची पिन उपटली. कन्सोलची उपटली, भिंतीवरची सगळी बटणं पाडली. अंधार. आवाज थांबला न्हाय. काकू अंधारात त्याचा दंड धरून होती. ओरडत नव्हती, रडतबी नव्हती. विनवत होती.

"बंद करू नको तम्मा. त्याची पाळी अजून आली न्हाय. लई मागं उभा हाय तो... बंद करू नको."

त्यानं तिचा हात झटकला आणि पळाला. बॅग तितंच. चप्पल तितंच. गाडीला किल्ली लावली, आणि डाव्या कानात कुणीतरी लहान पोर त्याला विचारत होतं, आपण कुटं चाललो म्हणून.

कानाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, कान स्वच्छ हाय म्हणले, औषध दिलं. पुण्याला नेला, तितंबी तेच. साडूची बायको गाणगापूरला नेऊन आली. दिवसा काय नसतंय म्हणं. दिवे लागायच्या वेळेला सुरू होतं आणि रात्र सरेपर्यंत चालतं. संगमेशनं काम सोडलं. सगळ्यांना अडाणी म्हणणारा तो, आता कुणी हाक मारली तरी ओ द्यायला घाबरतो. कीव करावी असं त्यानं आयुष्यात काय केलं न्हाय, पण खरं सांगतो, मला कीव येती.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला मी साडूकडं गेलो होतो. दुपारी ऊन असं की डांबर विरघळतंय. विहिरी कोरड्या, अंगणात पाण्याचा टिपूस न्हाय. संध्याकाळी दिवा लावला आणि दारात एक बाई आली. साडूची बायको बाजूला झाली. मी विचारलं कोण, तर म्हणली, जगदेवीकाकू, रोज येती.

ती आत आली. संगमेश भिंतीला टेकून बसला होता. तिला बघून त्यानं मान जरा वळवली, डावा कान तिच्याकडं केला. ती त्याच्याजवळ खाली बसली आणि आपला कान त्याच्या कानाला लावला. एखाद्या तान्ह्या पोराची छाती ऐकावी तसं. डोळे मिटले.

मी उंबऱ्यात उभा. मला काय ऐकू आलं न्हाय, खोटं कशाला बोलू. पण तिचं बोलणं ऐकलं. हळू बोलत होती, एकेकाशी.

"हा माझा न्हाय... पण बोल बाळा. मी हाय. बोल."

थोडं थांबून, "झालं तुझं? आता पुढच्याला येऊ दे."

परत थांबून, "न्हाय रे, हाबी न्हाय... बोल, बोल तू."

संगमेशच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. तो हलला न्हाय. अंधार दाटेपर्यंत दोघं तशीच बसली. मग ती उठली, त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि उद्या येते म्हणली. मी न राहवून विचारलं, बाई, तुमचा बोलला का?

"अजून लई जण हायत पुढं," ती म्हणली. "पण सरकतोय."

ती माझ्या अंगावरनं बाहेर गेली तेव्हा मी बघितलं. तिच्या कानाला, कुडीच्या मागं, गालापर्यंत काळी माती लागली होती. ओली.